लॅमिंग्टन रोडवरची खरेदी

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून थोडे चालले, की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. पण टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहा! मागच्या पिढीला हा रस्ता ठाऊक तो सिनेमाचा. इथल्या मिनर्व्हात १९७५ साली लागलेला ‘शोले’ पाच वर्षे मुक्काम ठोकून होता. आता मिनर्व्हा राहिले नाही, आणि गर्दी लोटते ती संगणकाच्या सुट्या भागांसाठी.

माझी भाची घरून ॲनिमेशनचे काम करते. तिच्यापाशी ग्राफिक्स कार्ड एक आहे. दुसरे पुढच्या वर्षी, पैसे साठले की. मदरबोर्ड मात्र दोन्ही कार्डे घेणारा आजच हवा होता. पैसे तिच्या पहिल्या मोठ्या कामाचे, मोजून आणलेले. मराठीचा प्राध्यापक बरोबर कशाला, असे विचाराल, तर पिशवी धरायला.

दुकानदाराने दोन बोर्ड मांडले. दोहोंवर लांब स्लॉट दोन-दोनच. किमतीत मात्र जवळजवळ दुपटीचा फरक.

“मामा, नुसत्या लांबीवर जाऊ नका,” भाची म्हणाली. “या स्वस्तातल्या बोर्डात वरच्या स्लॉटला प्रोसेसरकडून सोळा वाटा येतात, खालच्याला चारच, त्याही चिपसेटचा वळसा घेऊन. महागात दोघांना आठ-आठ.”

भावाभावांच्या वाटणीत एवढा न्याय क्वचितच दिसतो!

एन्व्हिडियाची २००४ सालची ‘एसएलआय’ जोडी खेळांसाठी होती. तो प्रकार आता मागे पडला. भाचीच्या ब्लेंडरला तशी जोडणी लागतच नाही. ते दोन्ही कार्डांना काम वाटून देते. मात्र मेमरी एकत्र होत नाही. सगळा देखावा प्रत्येक कार्डात पुरता मावावा लागतो.

“मग बेन, चार वाटा पुष्कळ झाल्या,” दुकानदार म्हणाला. “देखावा चढायला जरा वेळ लागेल. एकदा चढला, की कार्ड आपलं आपण काम करतं.” महाग माल समोर असताना गिऱ्हाइकाला असे सांगणारा माणूस मला आवडला.

भाचीने पर्समधून फूटपट्टी काढली. हल्लीची कार्डे जाडजूड. चिकटून बसली तर वरच्याच्या पंख्याला हवा मिळत नाही. स्वस्त बोर्डातले अंतर ऐसपैस निघाले. तोच घेतला, आणि वाचलेल्या पैशांत दोन कार्डांना पुरेल असा दणकट पॉवर सप्लाय.