बर्फातली चिमणी

टोरोंटोत रात्रभर बर्फ पडला की सकाळी सर्वांत आधी जाणवते ती शांतता. ताज्या, भुसभुशीत बर्फात हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्या आवाज शोषून घेतात. आमचे हे अल्लाहला प्यारे झाल्यावर मुलाने मला चिपळूणहून इकडे आणलं. पहिल्या हिवाळ्यात ही शांतता मला खायला उठायची. घरात सात वर्षांचा नातू होता, पण त्याची मराठी मोडकी आणि माझं इंग्रजी त्याहून मोडकं. आमचं बोलणं ‘जेवलास का?’ इथेच संपायचं.

जानेवारीत एके दिवशी बर्फामुळे शाळेच्या बस रद्द झाल्या. मुलगा आणि सून आपापल्या खोलीत कामाला बसली. नातू आणि मी मागच्या खिडकीपाशी. सुनेने अंगणात सूर्यफुलाच्या बियांची नळी टांगली आहे, तिच्यावर पाखरं उतरू लागली.

आधी आली चिकॅडी. डोक्यावर काळी टोपी, वजन जेमतेम 10-12 ग्रॅम. एक बी उचलायची आणि भुर्रकन जायची. बऱ्याच बिया ती खात नव्हती, झाडाच्या सालीत लपवत होती. अशा शेकडो जागा ती लक्षात ठेवते. कडाक्याच्या रात्री अंगातली उष्णता जवळजवळ 10 अंशांनी उतरवते, म्हणजे साठवलेली चरबी पहाटेपर्यंत पुरते. खाली सांडलेले दाणे टिपायला करडे जंको आले. ते उत्तरेकडच्या जंगलांतून हिवाळ्यापुरते इथे येतात. मला जी हाडं गोठवणारी उत्तर वाटते, ती त्यांची उबदार दक्षिण!

या दिवसांत जोहर, असर आणि मगरिब पाच तासांच्या आत येतात. असर पढून उठले तर नातू खिडकीतून हाका मारत होता, “दादी, लाल! लाल!” कार्डिनलची जोडी आली होती. नर लालभडक, मादी मातकट. हे पक्षी भल्या पहाटे आणि उजेड मावळतानाच जास्त दिसतात.

त्यांच्या मागून आली ती मात्र माझ्या ओळखीची. नातू म्हणाला, “स्पॅरो.” मी म्हटलं, “चिमणी.” मग मी त्याला आमची पडवी सांगितली, सुपात तांदूळ पाखडणारी माझी आई सांगितली, आणि तिने टाकलेली कणी टिपणाऱ्या चिमण्या सांगितल्या. निम्मं हातवाऱ्यांनी.

“ही पण विमानातून आली?” त्याने विचारलं. मुलगा चहा घ्यायला आला होता, तो म्हणाला, “जहाजातून. 1850 नंतर लोकांनी युरोपातून न्यूयॉर्कला आणल्या.”

“मग परत गेल्या?”

“नाही,” मी म्हटलं, “इथेच घरटी बांधली.”

आता आमची एक वही आहे. डावीकडे तो इंग्रजी नाव लिहितो, उजवीकडे मी मराठी. जंकोला मराठी नाव सुचेना, तर त्यानेच दिलं: ‘पांढरंपोट’. व्याकरणात बसो न बसो, मी तसंच लिहिलं.

ज्यांची नातवंडं दूरदेशी वेगळ्या भाषेत वाढताहेत, त्या बहिणींना एवढंच सांगते. बोलायला शब्द पुरत नसतील, तर आधी सोबत बसून काहीतरी बघा. शब्द मागून येतात.