सर्वांत खालचा सूर

ज्यांचं ऋण मी मानते त्यांतले दोघे मला कधी भेटले नाहीत : संगीतकार ख्रिस्तोफर राउस आणि ट्रॉम्बोनवादक जोसेफ अलेसी. त्यांच्यापर्यंत मला नेलं माहीमच्या अंकलनी.

अंकल मूळचे गोव्याचे. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला ट्रॉम्बोन वाजवायचे. शेवटच्या रांगेत बसायचं, पुढ्यातल्या कागदावर असेल तेवढं चोख वाजवायचं. तबकडीवर नाव नाही. ते बाबांचे स्नेही. बाबा गेले आणि मी संगीत ऐकणंच सोडलं. घरात मन्सूर, किशोरीताई यांच्या गाण्याच्या कॅसेटी होत्या, पण प्रत्येक कॅसेटला बाबांचा हात लागलेला. अंकल एकदा आले आणि एक सीडी पुढे केली. म्हणाले, "बाय, हे तुझ्या बाबांनी ऐकलेलं नाही. हे ऐक."

ती राउसच्या ट्रॉम्बोन कॉन्चेर्टोची. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने आपल्या दीडशेव्या वर्षानिमित्त तो लिहून घेतला होता, आपल्याच वाद्यवृंदातल्या अलेसींसाठी. अलेसी तिथे १९८५ साली आले, तेव्हा संगीत दिग्दर्शक होते आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. अंकलना याचा मोठा अभिमान. ३० डिसेंबर १९९२ रोजी लेनर्ड स्लॅटकिन यांच्या दिग्दर्शनाखाली तो पहिल्यांदा वाजला आणि १९९३ चं पुलित्झर पारितोषिक त्याला मिळालं. अंकलच्या सीडीवर अलेसींबरोबर मरिन ऑल्सप यांच्या दिग्दर्शनाखालची कोलोरॅडो सिम्फनी होती.

कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वादकासाठी लिहिलेली रचना, म्हटल्यावर वादक ऐटीत पुढे येणार, असं मी धरून चालले होते. इथे ट्रॉम्बोन अगदी तळातून, जेमतेम ऐकू येईल अशा सुरांतून सुरू होतो. या वाद्याला सतारीसारखे पडदे नाहीत. नळी मागेपुढे सरकवायची, सूर हाताने आणि कानाने शोधायचा. म्हणूनच त्यातून मींड निघते, आणि मींड ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला तो परका वाटला नाही. मधला भाग द्रुत, जवळजवळ हिंस्र. पहिला आणि तिसरा विलंबित. विलंबितावर रचना संपवायला धैर्य लागतं, टाळ्या दुसरीकडे असतात. राउसनी ते केलं, कारण त्यांना शोक करायचा होता.

हा कॉन्चेर्टो लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या स्मृतीला अर्पण आहे. बर्नस्टाइन ऑक्टोबर १९९० मध्ये गेले. याच न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे ते एके काळचे संगीत दिग्दर्शक. तिसऱ्या भागात राउसनी त्यांच्याच 'कद्दिश' सिम्फनीतली एक सुरावट घेतली आहे. आणि 'कद्दिश' बर्नस्टाइननी १९६३ साली अर्पण केली होती, नुकतीच हत्या झालेल्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या स्मृतीला. एकाच्या शोकात दुसऱ्याचा शोक असा उतरत आला आहे.

अंकलनी हे सगळं मला नंतर, चहा पिताना सांगितलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तरी तिसऱ्या भागात मला रडू आलं, आणि बाबा गेल्यानंतरचं ते माझं पहिलं रडणं. सांत्वनाला आलेल्या कुणीच मला इतकं समजून घेतलं नव्हतं. या रचनेत कुणी 'सावर स्वतःला' म्हणत नाही. जे घडलंय ते फार मोठं आहे, एवढंच ती मान्य करते. त्यानंतर हळूहळू मन्सूरांच्या कॅसेटी मी पुन्हा लावू लागले. त्या मला अंकलमुळे परत मिळाल्या. आणि आयुष्यभर मागच्या रांगेत वाजवलेल्या त्या माणसाला हे वाद्य पुढे उभं राहून काय बोलू शकतं ते पक्कं ठाऊक होतं, हेही मला तेव्हा उमगलं.

राउस २०१९ साली गेले. अंकल त्याआधीच.

हा कॉन्चेर्टो सुमारे अर्ध्या तासाचा आहे. ऐकणार असाल तर तुकड्यांनी ऐकू नका. दार लावून, त्या पहिल्या खालच्या सुरापासून, सलग ऐका.