दिवा राखणें

दिवा लावणें आणि दिवा राखणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, ही साधी गोष्ट ध्यानांत यावयास आम्हांस आयुष्याचीं पन्नास वर्षें खर्चावीं लागलीं. ज्या पिढीनें कंदिलाची कांच रोज दुपारीं राखेनें पुसली, वात कातरली आणि रॉकेलच्या बाटलीवर नजर ठेवली, त्या पिढीस हें कोणी शिकविण्याची गरज नव्हती. पुढें भिंतीवर बटण आलें आणि दिव्याची सारी सेवा एका बोटावर आली. ती सेवा नाहींशी झाली असें मात्र नव्हे. ती कोयनेच्या डोंगराच्या पोटांत, चंद्रपूरच्या कोळशापाशीं आणि भर पावसांत खांबावर चढणाऱ्या वायरमनच्या खांद्यावर गेली, एवढेंच. आम्ही महिन्याचें बिल भरून मोकळे होत होतों.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, आणि शेजारच्या दापोली-मंडणगडाकडील झाडें व विजेचे खांब त्यानें एका दुपारीं आडवे केले. दापोली तालुक्यांत, एका वाडीच्या टोकाशीं आंब्याच्या बागेंत, आमचें वडिलोपार्जित घर आहे. तेथें आमच्या काकू एकट्या राहतात. टाळेबंदीमुळें आम्ही मुंबईस अडकलेले, आणि काकूंचा फोन मुका झालेला. घरांत पुन्हां दिवा लागावयास महिन्यावर दिवस गेले. नंतर कधींतरी आम्हीं विचारलें, “काकू, इतके दिवस अंधारांत कसे काढलेत?” त्या म्हणाल्या, “अंधार कुठला? समई होती कीं! माझ्या लहानपणीं उंडेलाच्या तेलावर घर चालत असे. फक्त तुमचा आवाज ऐकूं येत नव्हता, तेवढें कठीण गेलें.”

या उत्तरानें आमच्या मनास जी टोंचणी लागली, तिच्यांतून सूर्यप्रकाशावरील दिव्यांची कल्पना निघाली. सरकारी वीज परत आली होती. परंतु मृगापासून हस्तापर्यंत ती घरची मंडळी नसून पाहुणी असते, हें कोंकणांतील कोणासहि सांगावयास नको. तेव्हां पांच दिवे, एक पंखा आणि फोन भरण्याची सोय, एवढें तरी कोणाच्याहि कृपेवांचून चालावें, असें ठरविलें. २०२१ च्या जानेवारींत एका स्थानिक कारागिराच्या मदतीनें आम्ही कामास लागलों. १६५ वॅटचीं दोन पॅनेलें, १५० ॲम्पियर-तासांची १२ व्होल्टची एक शिशाची बॅटरी, तिला जपून भरणारा कंट्रोलर आणि एक लहान इन्व्हर्टर, एवढाच काय तो संसार.

पॅनेलें कौलांवर बसविण्याचा बेत वानरांच्या भीतीनें रद्द झाला. अंगणांत लोखंडी खांब रोंवून त्यांवर तीं दक्षिणाभिमुख बसविलीं. दापोलीचें अक्षांश सुमारें पावणेअठरा, म्हणून कलहि साधारण तितक्याच अंशांचा दिला. एक माड मात्र तोडावा कीं न तोडावा, यावर दोन दिवस वाद झाला. पॅनेलांतील घट साखळीसारखे एकापुढें एक जोडलेले असतात. त्यांतील एकावर जरी झावळीची सावली पडली तरी साऱ्या रांगेची चाल मंदावते. शेवटीं काकूंनीं माडाची बाजू घेतली आणि आम्हीं खांब पंधरा हात सरकविले. बॅटरी देवघराजवळ ठेवावी, म्हणजे पूजेबरोबर तिच्याकडेहि लक्ष राहील, अशी त्यांची सूचना होती. परंतु भरतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो, आणि त्याच्याजवळ निरांजन म्हणजे अनर्थास आमंत्रण! म्हणून तिची स्थापना हवेशीर पडवींत झाली.

मग आम्हीं काकूंस हिशेब समजावून दिला. बारा व्होल्ट गुणिले दीडशें म्हणजे कागदावर १८०० वॅट-तासांची ही कोठी. परंतु शिशाच्या बॅटरीचें आयुष्य राखावयाचें तर तींतील निम्मेंच वापरावें. म्हणजे हातीं उरले ९००. नऊ वॅटचे पांच दिवे पांच तास जळले तर २२५. अठ्ठावीस वॅटचा पंखा आठ तास फिरला तर जवळ जवळ तितकेच. फोन, रेडिओ आणि इन्व्हर्टरची स्वतःची भूक धरून रोजचा खर्च सुमारें ५००. स्वच्छ उन्हाच्या दिवशीं पॅनेलें याच्या दुप्पट मिळवितात. आषाढांतल्या कुंद दिवशीं मात्र त्याच्या निम्म्याचीहि खात्री नाहीं. काकूंनीं सारें ऐकून घेतलें आणि म्हटलें, “म्हणजे तांदळाच्या कणगीसारखें. भाद्रपदांत काय उरेल तें पाहून ज्येष्ठांत शिजवावें.” आमच्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाचा असा एका वाक्यांत निकाल लागला.

तेव्हांपासून त्या यंत्राच्या खऱ्या धनीण काकू झाल्या. मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांमुळें बागेंतल्या पानापानावर चिकटा पडतो, तसा तो पॅनेलांवरहि पडे. त्यावर जांभ्याची तांबडी धूळ बसली कीं कांचेचें झांकणच होई. काकू उन्हें तापण्याआधीं ओल्या मऊ फडक्यानें तीं पुसून काढीत. तापल्या कांचेवर थंड पाणी ओतूं नये, हें त्यांना चिमणीच्या कांचेवरून ठाऊक होतें. खाऱ्या हवेनें बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार चढे. तो गरम पाण्यानें धुऊन त्या व्हॅसलीनचा हात फिरवीत. महिन्याच्या पहिल्या तारखेस सहाहि झांकणें उघडून हायड्रोमीटरनें आम्लाचें गुरुत्व पाहावयाचें आणि पातळी उतरली असेल तर ऊर्ध्वपातित पाणी घालावयाचें, हा नेम झाला. विहिरीचें पाणी कां चालत नाहीं, असें त्यांनीं एकदांच विचारलें. जांभ्याच्या मुलुखांतील पाण्यांत लोह असतें आणि तें बॅटरीस आंतून पोखरतें, असें सांगितल्यावर पुन्हां तो प्रश्न निघाला नाहीं. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर त्या आंकडे लिहूं लागल्या: तारीख, गुरुत्व, पाणी किती, आभाळ कसें. गुरुत्व १२५० च्या जवळ असलें म्हणजे पुढें एक लहानसा टिंब देत, तो समाधानाचा.

आतां आमच्या अपराधाकडे वळणें भाग आहे. २०२२ च्या गणपतीस, म्हणजे ३१ ऑगस्टला, सारें कुटुंब गांवीं जमलें. दोन वर्षें सण दबून साजरे झालेले. त्यामुळें उत्साहास ताळ राहिला नाहीं. मखराभोंवतीं दिव्यांच्या माळा, रात्रभर तीन पंखे, टीव्ही, आणि दहा-बारा फोन, हें सारें त्या एका बॅटरीवर लादलें गेलें. आभाळ भरलेलें होतें. इन्व्हर्टर मध्यरात्रीं ओरडून बंद पडे, आणि आम्ही त्याचें बटण पुन्हां दाबीत असूं. “अरे, कणगी खरवडतोयस तूं,” असें काकू एकदां म्हणाल्या. आम्हीं तें हंसण्यावारी नेलें. एक माळ तर आम्हीं पॅनेलाच्या खांबालाच गुंडाळली, आणि ती ओढतांना वायरचा एक जोड सैल झाला. हें त्या वेळीं कोणाच्याच लक्षांत आलें नाहीं. विसर्जनानंतर काकूंस मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं त्यांच्या लेकीकडे पुण्यास न्यावयाचें होतें. निघतांना त्यांनीं विचारलें, “पडवींत पाहिलेंस ना?” आम्हीं “हो” म्हटलें. तें खोटें होतें.

दिवाळीस आम्ही गेलों तों घरांत काकू होत्या, दिवे नव्हते. नवरात्रानंतर त्या परतल्या होत्या. परतीच्या पावसांत सरकारी वीज तीन रात्रीं गेली, आणि नव्या डोळ्याचें औषध त्यांनीं समईच्या उजेडांत, आरशापुढें बसून घातलें. आम्हांस फोन केला नाहीं. कॅलेंडराच्या पाठीवर मात्र नेहमींच्या अक्षरांत नोंद होती: “गुरुत्व ११००. दिवा नाहीं.” दुसऱ्या दिवशीं तीच. तिसऱ्या दिवशीं तीच.

पॅनेलापासून तुटलेली बॅटरी रिकाम्या पोटीं सात आठवडे पडली होती. अशा स्थितींत शिशाच्या पत्र्यांवर जो गंधकयुक्त क्षार जमतो, तो आरंभीं मऊ असतो आणि वेळींच भरणा केल्यास विरघळून जातो. परंतु दिवस लोटले म्हणजे त्याचे खडे होतात, आणि मग कितीहि ऊन ओता, पत्रे तें घेत नाहींत. आम्हीं जोड घट्ट केला, चार दिवस वाट पाहिली. गुरुत्व चढलें नाहीं. कारागिरानें पाहिलें आणि मान हालविली. पांच वर्षें चालावयाची वस्तु पावणेदोन वर्षांत संपली होती. पैशांचें नुकसान आम्हांस सोसवलें. काकूंनीं एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं, तें मात्र सोसवेना. त्यांनीं रागें भरावें म्हणून आम्हींच विषय काढला, तर त्या म्हणाल्या, “दिवा काय, कोणालाहि लावतां येतो रे.” पुढचें वाक्य त्यांनीं पुरें केलें नाहीं. तें आम्हीं स्वतःशीं पुरें केलें.

नोव्हेंबरांत नवी बॅटरी आली. हमी साठ महिन्यांची. काकूंनीं चार कॅलेंडरांचीं पानें जोडून, पट्टी लावून, तीवर साठ खानें आंखलीं आणि तो कागद पडवीच्या भिंतीवर डकविला. आमचा एक स्नेही म्हणतो कीं, हा खटाटोप कशाला? लिथियमची बॅटरी घ्या. तिला पाणी नको, ती अधिक खोल उपसली तरी चालते आणि टिकतेहि जास्त. त्याचें म्हणणें खरें आहे, आणि हीं साठ खानें भरलीं म्हणजे आम्ही कदाचित् तेंच करूं. परंतु तेव्हांहि पॅनेलांवरची धूळ कोणीतरी पुसावयास हवी, वायरचे जोड कोणीतरी चांचपावयास हवेत, आणि आज आभाळ कसें आहे हें पाहून रात्रीचा पंखा कोणीतरी आंवरावयास हवा. सरकारी दिवा मनुष्याजवळ पैसे मागतो. स्वतःचा दिवा मनुष्यच मागतो. आम्हीं काकूंस परावलंबनांतून सोडविण्यासाठीं हें यंत्र आणलें, आणि तें आणतांना आपल्यावांचून त्यांचें चालेल, असाच कांहींसा हिशेब मनांत धरला होता. तो चुकला. आतां दर महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आसपास आमच्यापैकीं कोणीतरी गांवीं जातें. निमित्त बॅटरीचें असतें.

भिंतीवरच्या कागदाचा निम्म्याहून अधिक भाग भरला आहे. आरंभीचीं अक्षरें टपोरीं आहेत. पुढें पुढें तीं थोडीं हलूं लागलीं आहेत, आणि आंकडे ओळ सोडून खालीं उतरतात. गेल्या महिन्यांत काकूंनीं हायड्रोमीटर आमच्या हातीं दिला आणि स्वतः विजेरी धरून उभ्या राहिल्या. सहाहि घरें पाहून झालीं, तीन घरांत पाणी घातलें, झांकणें लावलीं. खान्यांत आंकडे आम्हीं लिहिले. गुरुत्व १२५० होतें. काकूंनीं नव्या डोळ्यानें तें जवळून वाचलें, पेन्सिल मागून घेतली, आणि पुढें एक टिंब दिला.