म्हाताऱ्या पावसातील शेवटचा दिवस

काश्मीरात गुलमर्गला किंवा युरोपात आल्प्स पर्वतावर, पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा एक खेळ चालतो. त्यातले जाणकार सांगतात की, सुटीचा शेवटचा दिवस सर्वांत जपून घालवावा. पाय थकलेले असतात, पण मन मात्र 'आणखी एकदाच' असा हट्ट धरून बसलेले असते. आमच्या कोकण-गोमंतकाच्या वाट्याला देवाने बर्फ दिले नाही. त्याने पाऊस दिला, आणि तो हात आखडून दिला नाही. त्या पावसातही शेवटच्या दिवसाचा नियम तोच आहे, हे आम्ही गेल्या जुलैच्या अखेरीस पेडणे व डिचोली या तालुक्यांत पाहिले.

आम्ही चौघे एकाच सेमिनरीत शिकलेले सोबती. दरवर्षी चार-पाच दिवस काढून कोठे तरी पायी हिंडावे, असा आमचा जुना परिपाठ आहे. यंदा त्याला निरोपाची छटा आली होती. आमच्यापैकी एकाची नेमणूक ईशान्य भारतात झाली होती आणि पुढल्याच आठवड्यात तो निघणार होता. चौघांनी पुन्हा एकत्र चालण्याचा योग कधी येईल, हे कोणालाच सांगता येत नव्हते. त्यातून आम्ही निवडलेला काळ पुष्य नक्षत्राचा. पुनर्वसूच्या पावसाला आपला शेतकरी 'तरणा' म्हणतो आणि 20 जुलैच्या सुमारास लागणाऱ्या पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' म्हणतो. नावावरून कोणी फसू नये. हा म्हातारा एकदा ओसरीवर बसला की उठायचे नाव घेत नाही.

पहिले चार दिवस त्याने आम्हांला सांभाळून घेतले. आरंभ तेरेखोलच्या किल्ल्यापासून झाला. तेरेखोल नदी ही गोव्याची उत्तर सीमा. पण हा किल्ला नदीच्या पलीकडच्या तीरावर असूनही पेडणे तालुक्यातच मोडतो. सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा किल्ला 1746 साली पोर्तुगीजांनी घेतला. आत संत अंतोनीचे चर्च आहे. तेथून फेरीबोटीने केरी, मग हरमल आणि मांद्रे असे करीत आम्ही पेडणे गावी आलो व भगवतीच्या देवळापुढचे दगडी हत्ती पाहिले. वर मोपाच्या सड्यावर 11 डिसेंबर 2022 रोजी उद्घाटन झालेला मनोहर विमानतळ आहे. ढगांतून विमानाचा आवाज यायचा, विमान मात्र दिसायचे नाही. पुढे शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला लागला. तोही 1746 सालीच पोर्तुगीजांकडे गेला आणि जिंकणाऱ्या व्हाइसरॉयला त्यावरून 'आलोर्नाचा मार्क्विस' ही पदवी मिळाली. चौथ्या रात्री आम्ही डिचोली तालुक्याच्या उत्तर टोकाला साळ गावी मुक्कामास होतो.

शेवटच्या दिवसाचा बेत असा होता: साळहून पायवाटेने मेणकुरे, तेथून डिचोली, आणि दिवस मावळण्याच्या आत साखळीजवळ हरवळे. हरवळ्याला डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. लोक त्यांना पांडवांची म्हणतात. जवळच रुद्रेश्वराचे देऊळ आहे, आणि शेजारी कड्यावरून कोसळणारा धबधबा. निघून जाणाऱ्या आमच्या मित्राला तो धबधबा भरपावसात पाहायचा होता. विद्यार्थिदशेत त्याने तो उन्हाळ्यात पाहिला होता. तेव्हा एका बारीक धारेखेरीज तेथे काही नव्हते, आणि ती हुरहूर त्याने इतकी वर्षे मनात बाळगली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी थिवी स्थानकावर आमची गाडी होती. म्हणजे जे करायचे ते त्याच दिवशी.

पहाटेपासून पावसाने सूर बदलला. सड्यावर चढलो तेव्हा दहा पावलांपलीकडचा माणूस दिसत नव्हता. जांभ्या दगडाचा सडा उन्हाळ्यात करवंदाच्या जाळ्यांखेरीज उजाड दिसतो. पावसात त्याच्यावर शेवाळाचा हिरवा थर चढतो आणि पाऊल टाकावे तिकडे घसरते. बर्फावर चालणाराची अवस्था याहून फार निराळी नसावी. फरक इतकाच, की तेथे पडणारा मऊ बर्फात पडतो, आणि येथे खाली जांभ्याची धार असते. आमच्यापैकी एकाचा गुडघा आदल्या दिवसापासून दुखत होता. तो बोलत नव्हता, पण त्याच्या काठीचा आवाज मागे मागे पडत चालला होता. झाडीत उतरल्यावर जळवांनी आपला वाटा उचलला, तो वेगळाच.

दहाच्या सुमारास उतारावरून खाली आलो, तो समोर एक ओढा. त्यावर साकव होता म्हणे. आता काठावर दोन ओंडके तेवढे उरले होते. पाणी तांबडे, मातकट, कमरेइतके असावे. रुंदी वीस-पंचवीस पावले. आणि नेमका त्याच वेळी पाऊस थांबला, ढग फाटले आणि पलीकडच्या शेतावर कोवळे ऊन पडले. हात धरून चौघांनी उतरावे, असे कोणालाही वाटावे असा तो क्षण होता.

काठावरच्या एका घराच्या पडवीतून एक वृद्ध गृहस्थ डोक्यावर इरले घेऊन खाली आले. त्यांनी आम्हांला नाव-गाव विचारले नाही. "बाबांनू, आज व्हाळात उतरू नकात," एवढेच म्हणाले. आम्ही म्हटले, "आजोबा, पाऊस तर थांबला." त्यावर त्यांनी कुंपणाची एक काठी उपटली, पाण्याच्या कडेला रोवली आणि आम्हांला पडवीत नेऊन बसविले. काठी सांगेल तसे करा, असा त्यांचा निवाडा होता.

घरातल्या बाईंनी उकड्या तांदळाची ऊन ऊन पेज, लोणचे आणि भाजलेल्या आठळ्या पुढे ठेवल्या. पेज संपेपर्यंत काठी वीतभर बुडाली. अर्ध्या तासाने तिचे टोक तेवढे दिसत होते, आणि थोड्या वेळाने एक अख्खे झाड मुळांसकट त्या जागेवरून वाहून गेले, जेथून आम्ही उतरलो असतो. आकाशात तोवर ऊन होते.

याचे कारण आजोबांनी समजावून सांगितले, आणि ते आमच्या पुस्तकी भूगोलाशी तंतोतंत जुळणारे होते. सड्याचा कठीण जांभा पाणी फारसे पीत नाही. पडलेले पाणी कडांवरून धावत ओढ्यांत येते. शिवाय घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस खाली पोहोचायला वेळ लागतो. म्हणून येथे ऊन असले तरी वरचे पाणी वाटेतच असते. शापोरेचे पाणी खाडीत भरती असली की समुद्राकडे लवकर सरत नाही, तेही मागे तुंबते. ऑगस्ट 2019 मध्ये सिंधुदुर्गातल्या तिळारी धरणातून पाणी सोडावे लागले, तेव्हा साळ, इब्रामपूर, हणखणे, चांदेल अशा गावांत नदी घरांपर्यंत आली होती. 23 जुलै 2021 च्या पुरात डिचोली, सत्तरी, पेडणे या तालुक्यांतली घरे पडली. 1982 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितले. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिले, त्यांच्या काठीवर विश्वास न ठेवील तो शहाणा कसला?

तरीही प्रश्न उरलाच होता. वरच्या अंगाला, तासाभराच्या चालीवर, ओढा अरुंद होतो असे एक गुराखी म्हणत होता. तिकडून गेलो असतो तर हरवळे कदाचित गाठता आले असते. आम्ही तिघांनी आमच्या जाणाऱ्या मित्राकडे पाहिले. दिवस त्याचा होता. तो क्षणभर ओढ्याकडे पाहत राहिला, मग दुखऱ्या गुडघ्याच्या मित्राची पिशवी उचलून आपल्या खांद्यावर टाकीत म्हणाला, "गुडघा याचा असला तरी चाल चौघांची आहे. साळला परत फिरू, आणि बसने जाऊ."

तो परतीचा चढ आम्हांला सर्वांत आवडला, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. घाई संपली होती. सड्याच्या खळग्यांत निळी-जांभळी सीतेची आसवे फुललेली होती. सकाळी आम्ही त्यांच्यावरून गेलो होतो, पण धुक्यात आणि घाईत ती दिसली नव्हती. गुडघेदुखीचा मित्र पुढे आणि आम्ही तिघे त्याच्या मागे, असे त्याच्या पावलाने चाललो. बोलणे सेमिनरीच्या दिवसांचे निघाले ते बस मिळेपर्यंत पुरले.

डिचोलीस पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वाटेत खाणींच्या उघड्या डोंगरकडा दिसल्या. 2012 साली येथल्या लोहखाणी थांबल्या, पुढे काही सुरू झाल्या, 2018 साली पुन्हा बंद पडल्या आणि अलीकडे लिलावानंतर काही ठिकाणी काम पुन्हा उभे राहिले आहे. त्या साऱ्या चढउतारांत पाऊस मात्र दरवर्षी आपल्या वेळेला येतो आणि जी माती सुटी सापडेल ती ओढ्यात नेतो.

हरवळे राहिले. आमचा मित्र आता दूरच्या डोंगरांत आहे. तेथेही पाऊस पुष्कळ आहे. मागच्या पत्रात त्याने धबधब्याबद्दल एक अक्षर लिहिले नाही. त्याने विचारले आहे ते आजोबांविषयी: साकव पुन्हा घातला का, आणि त्यासाठी लागणाऱ्या माडाच्या ओंडक्यांना आपण चौघांनी काही हातभार लावावा का? आम्ही तसे गावात कळविले आहे. दिवाळीनंतर, पाणी ओसरल्यावर, काम होईल.

वाचकांपैकी कोणी पावसाळ्यात त्या बाजूस जाणार असतील, त्यांनी जरूर जावे. तो मुलूख पावसातच पाहण्यासारखा आहे. मात्र परतीच्या आदल्या दिवशी हाती एक मोकळा दिवस राखून ठेवावा, चाल सर्वांत सावकाश चालणाराच्या पावलाने ठेवावी, आणि ओढ्याकाठच्या माणसाने 'नको' म्हटले, तर त्याच्या पडवीत बसून पेज घ्यावी.