पैसे कुणाचे घ्यायचे?

31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं, त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. ‘केसरी’ने मात्र या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही. हे दोन्ही तपशील आम्हा कोल्हापूरकरांच्या कानावर लहानपणापासून असतात. त्यामागचा हिशोब मला दिसू लागला तो स्वतः सोळा पानांचं मासिक काढायला लागल्यावर. ‘मूकनायक’कडे सांगण्यासारखं तर केवढं होतं, बाबासाहेबांसारखी लेखणी होती. तरी गाडी कागद आणि छपाईच्या खर्चाशी येऊन थांबत होती. महाराजांचा हात पाठीशी असूनही 1923 मध्ये ‘मूकनायक’ बंद पडलं. देणगी एकदा मिळते, छापखान्याचं बिल दर अंकाला येतं.

माझ्या मासिकाचा विषय साधा आहे: कोल्हापूरच्या पेठा, तालमी, विहिरी, वाडे. हे वाचायला लोकांना आवडतं, पण आवडणं आणि खिशात हात घालणं यांच्यात बरंच अंतर आहे. ते कापायला मी नाना उद्योग केले. पहिला अर्थातच दिवाळी अंकाचा. का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी संपादक गणपती बसले की जाहिरातींच्या मागे लागतो. मीही टॅरिफ कार्ड छापून गुजरीत सराफांकडे आणि शाहूपुरीत गुळाच्या व्यापाऱ्यांकडे फिरलो. एक व्यापारी म्हणाले, “देतो की ओ सर जाहिरात. पण आमच्या गुळावर बी कायतरी येऊ द्या.”

लेख लिहिला. गुऱ्हाळं, काहिली, 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला मिळालेलं भौगोलिक मानांकन, सगळं आलं. लेख चांगला उतरला, आणि तीच पंचाईत झाली. वाईट उतरला असता तर विकला गेल्याचं सरळ दिसलं असतं. आता तो माझा की त्यांचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढे एका बांधकाम व्यावसायिकाने वर्षभराचं मलपृष्ठ घेतलं. अट काहीच नव्हती. जुन्या वाड्यांची मालिका सुरू झाल्यावर त्यांचा माणूस चहाला आला आणि जाता जाता म्हणाला, “वाडे लई झाले की आता.” मालिका चालू राहिली, मलपृष्ठ गेलं.

याच गावात, राजाराम कॉलेजात प्राध्यापक असताना विष्णू गोविंद विजापूरकरांनी 1894 मध्ये ‘ग्रंथमाला’ सुरू केली. पुढे ‘समर्थ’ साप्ताहिक, मग ‘विश्ववृत्त’ मासिक. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजघराण्याचे विधी वैदिक मंत्रांनी करण्याच्या वादात, ते शाहू महाराजांच्या विरुद्ध बाजूला होते. ती बाजू मला मुळीच पटत नाही. पण संस्थानच्या कॉलेजात पगार घ्यायचा आणि संस्थानाधिपतींच्या विरोधात उभं राहायचं, ही तारेवरची कसरत त्यांनी केली, हे नाकारता येत नाही. प्राध्यापकी अर्थातच टिकली नाही. 1908 मध्ये श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरचा लेख ‘विश्ववृत्त’मध्ये छापला म्हणून संपादक विजापूरकरांना तुरुंगात जावं लागलं. आपल्यावर फार तर मलपृष्ठ कोरं जाण्याची वेळ येते, हे त्यांच्याबद्दल वाचताना बरं वाटतं.

वि. स. खांडेकरांचा मार्ग वेगळा. 1920 पासून शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी, तिथेच कादंबऱ्या, वाचकांचं उदंड प्रेम. 1936 मध्ये मास्टर विनायकांच्या ‘छाया’ची कथा त्यांनी लिहिली आणि 1938 मध्ये ते शिरोडं सोडून कोल्हापुरात आले. एवढ्या लोकप्रिय कादंबरीकाराच्या पोटापाण्यालाही आधी शाळा होती, मग सिनेमा. लेखक ज्यासाठी ओळखला जातो त्याचेच पैसे त्याला मिळतील, असा नियम मराठीत तरी कधी नव्हता. म्हणून जोडधंद्याची मला लाज वाटत नाही. अधूनमधून मी बाहेरगावच्या पाहुण्यांना तालमी दाखवत हिंडतो, गंगावेशीपासून खासबागेपर्यंत. त्या मानधनावर अंक निघाले आहेत.

मित्रांचा सल्ला असतो की खाण्यावर लिही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा अंक काढला, तो हातोहात संपला. विजापूरकरांवरच्या अंकाचे गठ्ठे अजून माळ्यावर आहेत. पांढऱ्या रश्श्याला मी कमी लेखत नाही. तोही या गावचा इतिहासच आहे, आणि जास्त लोकांना पाठ आहे. पण रश्श्यासाठी आलेला वाचक रस्सा ओरपून गेला. पुढच्या अंकाला त्याने विचारलंही नाही.

खरी उलथापालथ झाली ती ऑगस्ट 2019 मध्ये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे. त्या महापुरात पाणी 55 फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर मी एक छोटा अंक काढला: आधीचे पूर, पाणी कुठल्या गल्लीत आधी शिरतं, नदीच्या पात्राशेजारी काय काय उभं राहिलंय. जाहिरात मागायला तोंड नव्हतं, दुकानंच चिखलात होती. अंक फुकट वाटला. माझ्या मासिकाचा इतका वाचला गेलेला दुसरा अंक नाही, आणि त्यातून एक पैसा आला नाही. वाचकसंख्या वाढली की उत्पन्न आपोआप वाढतं, या समजाला तिथेच तडा गेला.

पण त्यानंतर लोक स्वतःहून विचारू लागले, “वर्षाची वर्गणी किती?” शिंगणापूरची एक शिक्षिका, मार्केट यार्डातला हमाल, पुण्याला नोकरीला गेलेली पोरं. यातला कुणीही असा नाही की त्याची वर्गणी थांबली म्हणून अंक थांबेल. म्हणूनच त्यांच्यातला कुणी चहाला येऊन ‘वाडे पुरे’ म्हणत नाही; म्हणाला तरी मला झोप लागते. हा पैसा फार सावकाश जमतो. पावत्या फाडाव्या लागतात, संपलेल्या वर्गण्यांची आठवण करून देताना जीभ जड होते, मोबाइलवरून आलेले दीडशे रुपये कुणाचे हे शोधण्यात संध्याकाळ जाते. तरी जाहिरात, जोडधंदा, रस्सा हे सगळं करून पाहिल्यावर माझा कौल वर्गणीला आहे.

तेव्हा शेजाऱ्याकडून मागून आणून जे मासिक तुम्ही वाचता, ते कुठलंही असो, त्याची वर्गणी या महिन्यात भरून टाका. आणि भरताना पावतीवर नाव नीट लिहा.