वायरीला हात लाव

प्रवासातही घरचाच स्वयंपाक हवा, पाणी गाळून उकळलेलेच हवे आणि सूर्य मावळण्यापूर्वी ताटे उरकायला हवीत, असा ज्या घराचा नियम असतो त्या घराला हॉटेलांच्या भरवशावर यात्रा करता येत नाही. म्हणून आम्ही तिघा भावांनी पंधरा वर्षांपूर्वी एक जुनी मिनीबस विकत घेतली. मागची आसने काढून दोन्ही बाजूंना निजण्याजोगे बाक केले; दाराशी ओटा, पाण्याची टाकी आणि शेगडीची जागा केली. इंजिनाच्या बॅटरीखेरीज दिवे-पंख्यांसाठी बारा व्होल्टची दुसरी बॅटरी बसविली. गाडीचे नावच घरात ‘चौका’ असे पडले. लातूरहून निघालेला हा चौका कुठकुठल्या धर्मशाळांच्या अंगणांत उभा राहिला आहे, याची मोजदाद आता बाबूजींकडेच मिळेल.

या चौक्यात चालकाच्या पाठीमागे फळीवर एक चौदा इंची रंगीत दूरदर्शन संच होता. १९९८ सालच्या धनत्रयोदशीला तो घरात आला. आईला आम्ही सारे ‘बाई’ म्हणत असू. बाईने त्या दिवशी काडीने लाल रंगात त्याच्या डाव्या बाजूला एक छोटासा साथिया काढला होता. पुढे घरात मोठा, पातळ संच आला आणि हा गाडीत गेला. धावत्या गाडीत छत्रीवरचे कार्यक्रम दिसत नाहीत. उपग्रह आकाशात एका जागी आणि गाडी दर वळणाला तोंड फिरविणारी. त्यामुळे संचाला एक डीव्हीडी यंत्र जोडलेले होते.

खरे पाहता तो संच बाबूजींसाठीच होता. बाईने २००९ साली वर्षीतप पूर्ण केले. त्या अक्षय्य तृतीयेच्या पारण्याचे चित्रण आमच्याकडे आहे. बाईला जाऊन आता सहा वर्षे झाली. बाबूजी चौऱ्याऐंशीचे आहेत. ती तबकडी ते घरी कधीच लावायला सांगत नाहीत. सुना-नातवंडांसमोर संकोच वाटत असावा. पण यात्रेत, मुक्कामी, सगळे निजानीज झाल्यावर ते मला हलकेच म्हणतात, “लाव रे जरा.”

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यापासून संच दगा देऊ लागला. गाडी धावत असली की चित्र स्वच्छ. गाडी थांबवून इंजिन बंद केले की पंधरा-वीस मिनिटांत चित्र दोन्ही बाजूंनी आकसे, इन्व्हर्टर शीळ घालू लागे आणि पडदा काळा होई. बाईच्या हातात उसाच्या रसाचा कलश येण्याच्या सुमारासच हे घडे. बाबूजी काही बोलत नसत. एकदा मात्र त्यांनी फळीखाली हात घातला आणि म्हणाले, “वायरीला हात लाव. ताप आहे तिला.”

मी हात लावला नाही. वय झाले म्हणजे माणसे काहीबाही म्हणतात, असे मनात आले. आज हे लिहिताना लाज वाटते, पण आले खरे.

लातुरात गंजगोलाईच्या मागे एक जुने कारागीर अजून असे संच उघडतात. पाठ काढल्यावर त्यांनी आधी नळीतील वीज एका तारेने जमिनीत सोडली. प्लग काढून ठेवला तरी या काचेच्या नळीत हजारो व्होल्ट दबा धरून असतात, तेव्हा कोणी हौशीने पाठ उघडू नये. गाडीच्या हादऱ्यांनी दोन ठिकाणचे डाग सुटले होते, एक कपॅसिटर फुगला होता. त्यांनी डाग नव्याने दिले, कपॅसिटर बदलला आणि दुकानात दोन तास संच चालवून दाखविला. गाडीत आणला; वीस मिनिटांत बंद. पुन्हा नेला, दुकानात पुन्हा ठणठणीत. ते म्हणाले, “शेठजी, संचात आता काही राहिलेले नाही.” त्यांच्या म्हणण्याचा अर्थ मी उलटा घेतला. संच संपला, असे मी घरी येऊन जाहीर केले.

आडतीच्या धंद्यात आमची तिसरी पिढी आहे. शेतकरी म्हणाला की सोयाबीन घरून भरले तेव्हा जास्त होते, तर आम्ही पोत्याकडे नव्हे, आधी काट्याकडे बघतो. शिक्क्याची वजने ठेवून काटा पडताळतो, मगच मालाविषयी बोलतो. जो संच दुकानात चालतो आणि गाडीत बंद पडतो, त्याच्या बाबतीत ही साधी रीत मला का आठवू नये? पण अक्षय्य तृतीया जवळ आली होती, बाबूजींना कुलपाकजीला आदिनाथांच्या दर्शनाला न्यायचे होते, आणि नवी वस्तू आणली की जुना प्रश्न सुटतो ही समजूत माझीही होतीच.

बत्तीस इंची नवा संच आला. पुतण्याने तो लोखंडी चौकटीत, रबरी पट्ट्या घालून भिंतीला बसविला. त्याच्या मागे डीव्हीडीच्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरींची छिद्रेच नव्हती. म्हणून पुतण्याने पारण्याचे चित्रण संगणकावरून पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. जुना संच गोदामात गेला. रिकामे डबे-पत्रे न्यायला येणाऱ्या भंगारवाल्याला तोही देऊन टाका, असे मी मुनीमजींना जाता जाता सांगितले. त्या नळीच्या काचेत शिसे असते, ती अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच जायला हवी, हे मला ठाऊक होते. घाई होती, एवढेच.

दुपारी लातूर सोडले. अहमदपूर मागे टाकून लोह्याच्या अलीकडे, जेवणे वेळेत व्हावीत म्हणून एका लिंबाखाली थांबलो. इंजिन बंद केले. उकाड्यामुळे दोन्ही पंखे चालू होते. मुलांनी काहीतरी कार्टून लावले होते. पाऊण तासाने इन्व्हर्टरने तीच शीळ घातली आणि नवा कोरा पडदा काळा झाला.

मुलांनी ओरडा केला. बाबूजींनी फळीखाली हात घातला आणि माझ्याकडे पाहिले. या वेळी मीही हात घातला. काळी वायर गाडीच्या सांगाड्याला जिथे बोल्टने आवळली होती, तिथे ती चांगलीच गरम होती.

रात्री नांदेडला वजिराबादेत जिजींकडे मुक्काम केला. सकाळी जिजाजी मला एका मोटार-इलेक्ट्रिशियनकडे घेऊन गेले. तिशीच्या आतला मुलगा होता. त्याने संचाकडे ढुंकूनही पाहिले नाही. “सगळे चालू करा,” म्हणाला. संच, पंखे, दिवे चालू झाले. मग त्याने मीटर लावला. बॅटरीच्या टोकांवर १२.३ व्होल्ट, इन्व्हर्टरच्या टोकांवर १०.४. मीटरचे एक टोक त्याने बॅटरीच्या ऋण बाजूला आणि दुसरे इन्व्हर्टरच्या ऋण बाजूला टेकविले. तिथे जवळपास शून्य यायला हवे; आले १.६. म्हणजे वाटेतला बहुतेक तोटा त्या एका काळ्या वायरीच्या जोडावर होत होता. १०.५ च्या खाली गेले की आमचा इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. इंजिन धावत असताना बॅटरीकडे चौदा व्होल्ट येतात, त्यातून दीड-दोन गळाले तरी भागते. इंजिन थांबले की भागत नाही. पंख्यांची वायरही त्याच बोल्टवर दिलेली होती. जुना संच विजेला भारी म्हणून लवकर बंद पडे, नवा हलका म्हणून पाऊण तास तगला. फरक तेवढाच.

बोल्ट काढल्यावर खाली गंज आणि त्याच्याही खाली गाडीचा मूळ रंग निघाला. वायर पंधरा वर्षे रंगावर टेकून होती. मुलाने सांगाड्याचा भरवसाच सोडला. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत दोन्ही बाजूंनी जाड वायर थेट ओढली, बॅटरीलगत फ्यूज घातला. पुन्हा मीटर लावला, तेव्हा फरक ०.२ उरला होता. दीड तासाचे काम. पैसे त्याने इतके थोडे सांगितले की मी दोनदा विचारले.

तिथे स्टुलावर बसलो असताना मला १९९३ आठवले. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. लातुरातले आमचे घर उभे राहिले. पण त्यानंतर कित्येक रात्री कोणी छपराखाली निजायला तयार नव्हते. बाबूजींनी आडतीची मॅटाडोर मोकळ्या जागेत लावली होती, तेच आमचे घर. तेव्हाच्या छोट्या कृष्णधवल संचांना बारा व्होल्टची बॅटरी थेट जोडायची सोय असे. बाबूजींनी मॅटाडोरच्या बॅटरीवरून वायर ओढून आमचा संच चालविला. रात्रीच्या बातम्यांना सारी गल्ली भोवती जमे. पहिल्या रात्री चित्र आकसले होते. बाबूजींनी वायर मुठीत धरून पाहिली, “पातळ आहे” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुहेरी वायर टाकली. मी शेजारीच कंदील धरून उभा होतो. हे सगळे पाहिलेला मुलगा तीस वर्षांनी त्यांच्याच बोलण्याला म्हातारपणाची बडबड समजला.

मी तिथूनच मुनीमजींना फोन लावला. “तो जुना संच देऊ नका.”

“भंगारवाला कालच संध्याकाळी येऊन गेला,” ते म्हणाले. “डब्यांबरोबर वजनावर नेला.”

बाबूजी गाडीत बाकावर बसून सगळे ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “साथिया कागदावर उतरवून घेतला होतास का?”

“नाही,” मी म्हणालो. त्यांनी मान हलविली आणि चष्मा पुसायला घेतला.

नरसी, देगलूर करीत आम्ही निघालो. वाटेत कोणी फारसे बोलले नाही. त्या रात्री हद्द ओलांडून पलीकडे तेलंगणात एका पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी लावली. मुले निजली. मी न सांगताच पेनड्राइव्ह लावला. वादक, मांडव, पाहुण्यांची गर्दी आणि मग बाई. बाबूजी पुढे वाकले, पुन्हा मागे टेकले.

“ही कोण?”

मला वाटले, स्मृती दगा देते आहे. पण या वेळी उत्तर द्यायची घाई मी केली नाही. पडद्याकडे नीट पाहिले. वर्षभराच्या तपाने बाई काडीसारखी झाली होती. पडद्यावरची बाई मात्र गोल, पसरट चेहऱ्याची, आखूड मानेची दिसत होती. कलशदेखील बसका दिसत होता. जुने चित्रण चारास तीन या मापाचे, नवा पडदा सोळास नऊचा. संच आपला सगळा पडदा भरून काढायला चित्र आडवे ताणीत होता. रुंदीत तिसरा हिस्सा भर पडली होती. बाबूजींचे काहीच चुकले नव्हते.

रिमोटवर शोधत शोधत चित्राच्या मापाची जागा सापडली. ४:३ निवडले. दोन्ही कडांना काळे पट्टे आले आणि मधोमध बाई सडपातळ होऊन उभी राहिली. ओंजळ पुढे केलेली, डोक्यावरचा पदर एका बाजूने सुटत आलेला. कोणीतरी कलश कलता केला.

इन्व्हर्टर गप्प होता. मी फळीखाली हात घालून वायर चाचपली, थंड होती.

“आता बरोबर,” बाबूजी म्हणाले. “आवाज थोडा वाढव. कोणी जागे होत नाही.”