क्लास लावलास का?

आपल्या मराठी घरात कुठलीही गोष्ट क्लास लावल्याशिवाय होत नाही. चौथीला स्कॉलरशिपचा क्लास, दहावीला गणिताचा, बारावीला सीईटीचा, मग ड्रायव्हिंगचा. मास कम्युनिकेशनला ॲडमिशन घेतली तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, 'त्याला वेगळा क्लास नसतो का गं?' त्यामुळे मला पाचवा महिना लागला आणि एका मैत्रिणीने फोनवर हाय-हॅलोच्या आधीच 'क्लास लावलास का?' असं विचारलं, तेव्हा आश्चर्य असं वाटलं नाही. फक्त या परीक्षेला एटीकेटी नाही, एवढंच काय ते जाणवलं आणि पोटात गोळा आला. म्हणजे आणखी एक.

तर, डिलिव्हरीचा क्लास. तारीख जुलैचा दुसरा आठवडा, मुक्काम उमेळे. नायगाव स्टेशनला पश्चिमेला उतरायचं आणि रिक्षा करायची. अंधेरी-वांद्र्याच्या माझ्या मित्रमंडळींना हे म्हणजे जवळजवळ गुजरात वाटतं. माझं हे सासर. माहेर वाईला. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला अलिखित कायदा. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि मुलीला गाडीत बसवून द्यायची! आमच्याकडे यावर तीन मीटिंगा झाल्या. नवरोबांना पहिल्या दिवसापासून सोबत राहायचं होतं, मला माझी डॉक्टर बदलायची नव्हती, आणि आईने शेवटी 'मग मीच येते जूनमध्ये' म्हणून विषय संपवला. हे सगळं सांगतेय कारण क्लासचा प्रश्न इथूनच सुरू होतो. बाळंतपण कुठे होणार आणि त्या वेळी शेजारी कोण असणार, हे ठरल्याशिवाय क्लास कुठला लावायचा हे ठरूच शकत नाही. पण हे मला कुणीच सांगितलं नाही. सगळ्यांनी सांगितली ती फक्त क्लासची नावं.

आणखी एक गोष्ट. मी फ्रीलान्सर. 2017 मध्ये कायदा बदलला आणि नोकरदार बायकांची पगारी बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. छानच झालं. पण माझी बॉस मीच, एचआर मीच आणि रजा नामंजूर करणारीही मीच. त्यामुळे क्लासची फी मला रुपयांत दिसत नाही, लेखांत दिसते. हा क्लास म्हणजे दोन लेख, तो म्हणजे पाच.

पाच लेखांचा क्लास अंधेरीला होता. एसी हॉल, योगा मॅट, मोठाले रंगीत बॉल, सगळं इंग्लिशमध्ये, कपल्ससाठी आठ शनिवार. लमाझ पद्धतीचा. हा लमाझ कोण, तर फर्नांड लमाझ हे फ्रेंच डॉक्टर. 1951 मध्ये ते सोव्हिएत रशियात गेले. तिथे बायकांना आधीपासून माहिती आणि श्वासाचं ट्रेनिंग देऊन कळा सोसायला शिकवत होते. ते त्यांनी पॅरिसला आणलं. तिथे बाळंत झालेल्या मार्जरी कार्मेल या अमेरिकन बाईने 1959 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि पुढच्या वर्षी एलिझाबेथ बिंग यांच्यासोबत अमेरिकेत संस्था काढली. कम्युनिस्ट रशियात सुरू झालेली गोष्ट अंधेरीच्या एसी हॉलमध्ये शनिवारी सकाळी कॅपुचिनोसोबत मिळते, याची मला फार गंमत वाटली. असो. डेमो खरंच चांगला होता. कळा कशा येतात, गर्भाशयाचं तोंड कसं उघडतं, नवऱ्याने कंबर कुठे दाबायची... नवरा तर इतका मन लावून नोट्स काढत होता की मला भरून आलं.

घरी येताना भाईंदरची खाडी ओलांडताना मी सहज म्हटलं, 'पण तुला आत सोडतील ना?'

दुसऱ्या दिवशी जिथे नाव नोंदवलं होतं त्या नर्सिंग होमला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, 'लेबर रूममध्ये जेन्ट्स अलाउड नाही, मॅडम.' बरं, मग सासूबाई? 'लेडीज पण नाही.' मग कोण? 'आमचा स्टाफ असतो ना!'

म्हणजे आठ शनिवार कंबर दाबायला शिकायचं आणि परीक्षेच्या दिवशी हॉलबाहेर बाकावर बसायचं.

पत्रकार असण्याचा एक फायदा, चिडचिड झाली की आपण वाचायला बसतो. जगभरातल्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून पडताळणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिने 2007 मध्ये बाळंतपणाच्या क्लासेसवरच्या 9 चाचण्या तपासल्या, एकूण 2284 बायका. निष्कर्ष काय, तर अशा क्लासेसचा नेमका परिणाम काय होतो हे या पुराव्यावरून सांगता येत नाही! मात्र त्याच संस्थेचा 2017 चा दुसरा आढावा आहे, कळांच्या वेळी सोबत कुणी असण्याबद्दलचा. त्यात 26 चाचण्या, 15 हजारांहून जास्त बायका. तिथे उत्तर बरंच स्पष्ट आहे. सतत सोबत असेल तर नॉर्मल डिलिव्हरीची शक्यता वाढते, सिझेरियनची कमी होते, कळांचा काळही थोडा आखडतो. म्हणजे क्लासचं सर्टिफिकेट राहू दे, शेजारी हात धरायला माणूस हवं.

आणि हे आपल्या सरकारलाही माहीत आहे, बरं का. 2016 मध्येच केंद्राच्या आरोग्य खात्याने सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एका बाईला सोबत थांबू द्यायला सांगितलं. आडोशाची नीट सोय असेल तर नवऱ्यालाही. पैसे मोजून जायच्या ठिकाणी मात्र ज्याचा-त्याचा नियम.

मग आम्ही उलटी गिनती सुरू केली. आधी लेबर रूम, मग क्लास. नवऱ्याने एक्सेल शीट केली (आयटीवाला आहे, त्याशिवाय त्याला सुचत नाही). प्रश्न साधे होते. सोबत कोण चालेल? कळा सुरू असताना उठून फिरता येईल का? रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतो? बाळाला गरज पडली तर एनआयसीयू इथेच की दुसरीकडे? शंभरातली किती सिझेरियन होतात? शेवटच्या प्रश्नावर दोन ठिकाणी चक्क राग आला. यायला नको होता. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात खासगी दवाखान्यांतल्या 47.4 टक्के डिलिव्हऱ्या सिझेरियनने झाल्या आणि सरकारी दवाखान्यांतल्या 14.3 टक्के. सिझेरियन वाईट असं मी मुळीच म्हणत नाही, वेळेवर झालेलं सिझेरियन जीव वाचवतं. पण विचारायला काय हरकत आहे?

मुंबईचे पर्याय तर शीटमधून पहिल्याच दिवशी उडाले. कारण जुलै! 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी भरलं, लोकल बंद पडल्या, अडकलेल्या गाडीतल्या प्रवाशांना बाहेर काढायला एनडीआरएफला यावं लागलं. आमच्याकडच्या लोकांना त्या दिवसांत दूध मिळायची मारामार होती. अशा दिवशी कळा घेऊन खाडीपलीकडे अंधेरी गाठायची? सासूबाई म्हणाल्या, 'रिक्षेत बसून पोचशील तेच हॉस्पिटल आपलं.' पूर्ण एक्सेल शीटमध्ये नव्हता असा निकष हा.

वसईतच एक ठिकाण मिळालं, जिथे एक माणूस आत चालतं. नवराही. नाव बदललं. मग क्लास शोधला.

गर्भसंस्काराचा क्लास तर घराजवळच होता. बालाजी तांबे यांच्या पुस्तकामुळे हा शब्द मराठी घराघरांत गेला. 2021 मध्ये ते गेले, पण आजही गोड बातमी दिली की कुणी ना कुणी पुस्तक आणि सीडी हातात ठेवतंच. मंत्र, शांत बसणं, वेळेवर जेवण याला माझा काही विरोध नाही, उलट दिवसात अर्धा तास कुणी मला शांत बसू देणार असेल तर हवंच आहे. पण आम्ही पाहायला गेलो त्या क्लासच्या पत्रकावर बाळाची बुद्धी, रंग, करिअर, सगळ्याची हमी होती. अभिमन्यूची गोष्ट तर होतीच. मला त्या गोष्टीत नेहमी सुभद्रेची दया येते. पोटुशी बाई, चक्रव्यूहाचं लेक्चर ऐकता ऐकता बिचारीला झोप लागली तर पुढच्या पिढ्यांनी तिलाच बोल लावला! विज्ञान याबाबत फार साधं बोलतं. डीकास्पर आणि फायफर या दोन संशोधकांनी 1980 मध्ये दाखवलं की नवजात बाळ परक्या बाईपेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करतं. आईचा आवाज घरात फुकट आहे. माझा तर जरा जास्तच आहे, असं नवरा म्हणतो.

तिसरा क्लास पूर्ण मोफत. इथे माझे कान टवकारले. मोफत म्हणजे पैसे दुसरं कुणीतरी देतंय. नाश्ता झाला, वीस मिनिटांचं भाषण झालं आणि मग नाळेतलं रक्त साठवणाऱ्या कंपनीच्या दोन मुली हप्त्यांचे फॉर्म घेऊन प्रत्येक जोडप्याजवळ बसल्या. 'तुमच्या बाळासाठी एवढं पण नाही करणार?' हे वाक्य मी तीनदा ऐकलं. आयसीएमआर असं खासगी, व्यापारी साठवण करायची शिफारस करत नाही. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 मध्ये याला 'विमा' म्हणून विकायला विरोध केला. शेजारची मुलगी सही करत होती. सात महिन्यांची होती, डोळ्यांत पाणी होतं. भीती विकायला याहून चांगली जागा सापडणार नाही. बाळाच्या पावडरच्या दुधाबाबत निदान 1992 पासून कायदा आहे, जाहिरात नाही, फुकट डबे नाहीत.

शेवटी लावला तो क्लास एका निवृत्त सिस्टरच्या घरच्या हॉलमध्ये भरतो. पाच रविवार, सहा जोडपी, मराठीत, फी दोन लेखांहून कमी. मला पटली ती एकच अट. सिस्टर म्हणाल्या, 'बाळाला घरी जी बाई बघणार आहे तिला आणा. नाहीतर मी इथे सांगणार एक आणि घरी होणार दुसरंच.'

म्हणून तिसऱ्या रविवारी सासूबाई आल्या आणि वाईहून आई व्हिडिओ कॉलवर. विषय होता पहिले चाळीस दिवस. खरा क्लास मला वाटतं तो एकच. सासूबाईंनी यादीच काढली, गुटी, मध, शेगडी, धुरी, काजळ, मालीश. सिस्टरनी एकेक घेतलं. पहिलं चिकाचं दूध फेकायचं नाही, तासाभरात बाळ छातीशी. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षभर नाही, त्यातून लहान बाळाला जीवघेणा आजार होऊ शकतो. धुराजवळ बाळ नको, काजळ नको. मालीश? 'हलक्या हाताने करा, खुशाल. ती तुमच्यासारखी कुणाला जमणार?' सासूबाई खूश. घरी येताना मला म्हणाल्या, 'माझ्या सासूबाईंची सगळी मुलं याच घरात झाली, सुईणीच्या हातून. त्यांना हे कोण सांगणार होतं?' मग थोड्या वेळाने, 'माझ्या वेळी मी महिनाभर रडत होते. कुणाला कळलंच नाही काय झालंय.' इतक्या वर्षांत त्या हे नवऱ्यालासुद्धा बोलल्या नसतील. सिस्टरनी त्याच दिवशी सांगितलं होतं, रडू दोन आठवड्यांच्या पुढे चाललं, झोप-भूक गेली तर ते नखरे नाहीत, डॉक्टरकडे जायचं.

नवऱ्याने बाहुलीला लंगोट बांधला, सहावेळा सुटला. त्याला ऑफिसातून किती दिवस मिळतील हा प्रश्नच आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना 15 दिवस मिळतात, खासगी कंपन्यांवर तसं बंधन नाही. त्याने मॅनेजरला मेल केलाय. उत्तर यायचंय.

श्वासाचे प्रकारही शिकलो, करतो रोज. पण मला पाठ झालंय ते दुसरंच. पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं, पाऊस असेल तर त्याआधीच. पाणी गेलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर घड्याळ बघायचं नाही.

नंबरांची यादी फ्रिजवर लावलीय. डॉक्टर, हॉस्पिटल, 108, नवऱ्याचं ऑफिस. काल पाहिलं तर सासूबाईंनी सगळ्यात वर पेनाने एक नंबर लिहिलाय, नाक्यावरच्या रिक्षावाल्याचा. त्याला त्यांनी जुलैत रात्री फोन बंद ठेवायचा नाही अशी ताकीद दिलीय म्हणे.